सीडी प्लेअर आणि अँप्लिफायरच्या मधला व्हॉल्व

सीडीचा आवाज स्वच्छ असतो, पण कोरडा असतो, ही तक्रार जवळजवळ सीडीइतकीच जुनी आहे. १९८२ साली जपानमध्ये पहिला प्लेअर विक्रीला आला. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट हे माप तेव्हापासून आजपर्यंत बदललेलं नाही. फिलिप्सच्या सुरुवातीच्या प्लेअरमध्ये १४ बिटांचीच चिप होती, तिला चौपट वेगाने पळवून उरलेली कसर भरून काढली होती. पुढे चिपा सुधारल्या, स्वस्त झाल्या, तक्रार मात्र होती तिथेच राहिली. मग १९९०च्या दशकात ब्रिटनच्या म्युझिकल फिडेलिटीने एक्स-१०डी नावाचं एक धातूचं नळकांडं काढलं. प्लेअरची वायर त्यात घालायची, त्यातून निघालेली वायर अँप्लिफायरला जोडायची, आत व्हॉल्व, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातली काचेची ट्यूब. एवढ्यावर कोरडेपणा जातो असं ऐकणाऱ्यांनी सांगितलं, आणि 'ट्यूब बफर' नावाची एक जातच जन्माला आली.

नाशिकमध्ये हा शौक असणारे अजून आहेत. पंचवटीतल्या पलुस्कर सभागृहात पुढच्या रांगेत बसून तानपुरा ऐकलेला माणूस घरी येऊन तोच राग सीडीवर लावतो, तेव्हा काहीतरी कमी आहे असं त्याला वाटणारच. त्यात ज्यांच्या घरी आजोबांचा व्हॉल्वचा रेडिओ होता, त्यांच्या कानात त्या आवाजाचा गोडवा पक्का बसलेला असतो. पण रेडिओचा गोडवा बराचसा त्याच्या लाकडी पेटीतून, मोठ्या स्पीकरमधून आणि वरचे स्वर कापणाऱ्या मीडियम वेव्हमधून येत होता. व्हॉल्वचा वाटा त्यात थोडा. म्हणून बफर विकत घेण्याआधी किंवा बांधायला बसण्याआधी तो नेमकं काय करतो, हे आकड्यांत पाहिलेलं बरं.

बफर म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र नव्हे. आत एक ट्रायोड, म्हणजे प्लेट, ग्रिड आणि कॅथोड असे तीन भाग असलेला व्हॉल्व असतो, सिग्नल ग्रिडवर जातो आणि कॅथोडवरून बाहेर येतो. या जोडणीला कॅथोड फॉलोअर म्हणतात. जेवढा सिग्नल आत गेला, त्याहून किंचित कमीच बाहेर पडतो. ईसीसी८२, म्हणजेच १२एयू७ वापरला तर साधारण ०.९ पट, ईसीसी८८ वापरला तर ०.९५च्या थोडा वर. फायदा एवढाच की बफर आत घेताना समोरच्यावर जवळजवळ काहीच भार टाकत नाही आणि बाहेर देताना बऱ्यापैकी ताकदीने देतो. ईसीसी८२चा बाहेरचा इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) सुमारे ५०० ओहम येतो, ईसीसी८८चा सव्वाशेच्या आसपास.

आता गंमत पाहा. बऱ्याचशा सीडी प्लेअरच्या शेवटी ५५३२ किंवा तसलाच एखादा ऑपअँप (सिग्नल बाहेर देणारी छोटी अँप्लिफायर चिप) बसलेला असतो आणि त्याच्या पुढे शंभर ते पाचशे ओहमचा एक रेझिस्टन्स. म्हणजे प्लेअरचा बाहेरचा इंपीडन्स मुळातच ईसीसी८२च्या बफरइतका किंवा त्याहून कमी. अँप्लिफायरचा इनपुट सहसा ४७ के, म्हणजे ४७ हजार ओहम. शंभरास एक असं प्रमाण आधीच जमलेलं असताना मध्ये आणखी कोणी मध्यस्थ घालून विजेच्या हिशेबात काहीही मिळत नाही. विकृती मोजली तर प्लेअर बफरपेक्षा सरस ठरतो, खरखर मोजली तरी तोच सरस. अशा जोडणीत मोजपट्टीवर बफर काहीच सुधारत नाही, हे आधी मान्य करायला हवं.

मग तो कामाचा कधी? जिथे इंपीडन्सचा मेळ खरोखर बिघडलेला असतो तिथे. सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार म्हणजे पॅसिव्ह व्हॉल्यूम. प्लेअरमधून थेट पॉवर अँप्लिफायरला जायचं, मध्ये फक्त पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टन्स) असलेली डबी ठेवायची. ५० केचा पॉट विजेच्या हिशेबाने मध्यावर असला की त्याच्या पुढच्या वायरला १२.५ केचा उगम दिसतो. ५ मीटर शिल्डेड वायरची कपॅसिटी मीटरला १०० पिकोफॅरडप्रमाणे ५००. दोन्ही मिळून २५ किलोहर्ट्झवरच फिल्टर तयार होतो आणि २० किलोहर्ट्झला २ डेसिबल गळतात. पॉट १०० केचा असेल तर १० किलोहर्ट्झलाच २ डेसिबल जातात, आणि ते कोणालाही ऐकू येतं: झांजेची धार जाते, तबल्याच्या चाटीवरची टिचकी मऊ पडते. इथे बफर चोख काम करतो, पण पॉटच्या पुढे लावला तरच, म्हणजे पॉट आणि लांब वायर यांच्या मध्ये. तोच बफर प्लेअर आणि पॉट यांच्या मध्ये लावला तर १२.५ केचा उगम जिथल्या तिथे राहतो. बहुतेक लोक तो प्लेअरलाच चिकटवतात, कारण खोक्यावर तसं चित्र असतं.

दुसरा प्रकार घरी बांधलेल्या डॅकचा, म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा सिग्नल करणाऱ्या डब्याचा. टीडीए१५४३सारख्या जुन्या चिपमधून करंट बाहेर पडतो आणि काही जण ऑपअँप न घालता त्याला नुसत्या एक-दोन केच्या रेझिस्टन्सवर व्होल्टेज करून घेतात. त्या रेझिस्टन्सवर वायरचा आणि अँपचा भार नको असतो, तिथे व्हॉल्वची जागा रास्त आहे. याच धर्तीवर तयार प्लेअर उघडून त्यातला ऑपअँप काढून टाकायचा सल्ला मिळतो. तो मात्र डोळे मिटून पाळू नये. अलीकडच्या चिपांमध्ये आवाजाच्या पट्ट्याबाहेरचा गोंगाट गाळण्याचं काम तोच ऑपअँप करत असतो.

तिसरा प्रकार खालच्या स्वरांचा. प्लेअरच्या आउटपुटला जुना कंडेन्सर आणि पुढे १० केचा इनपुट, अशी गाठ पडली की खर्ज पातळ होतो. २.२ मायक्रोफॅरड आणि १० के यांचा फिल्टर ७ हर्ट्झवर बसतो, तोवर ठीक. पण वीस-पंचवीस वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकतो, त्याची कपॅसिटी घसरते आणि तीच ७ हर्ट्झची मर्यादा ऐकू येण्याच्या पट्ट्यात चढते. अशा वेळी बफर लावल्यावर खर्ज परत येतो खरा, पण काही रुपयांचा नवा कंडेन्सर लावूनही तो येतोच. म्हणून जुना प्लेअर असेल तर आधी आउटपुटचे दोन कंडेन्सर बदलावेत, आयसोप्रोपिल अल्कोहोलने लेन्स पुसावी, आणि मगच तक्रार उरली आहे का ते ऐकावं. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

आता गोडव्याकडे येऊ, कारण बफर घेणारे इंपीडन्ससाठी घेत नाहीत, गोडव्यासाठीच घेतात. व्हॉल्व सिग्नलमध्ये मुख्यतः दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा स्वर, मिसळतो. षड्जाचा दुसरा हार्मोनिक म्हणजे वरच्या सप्तकातला षड्जच, त्यामुळे तो खटकत नाही, स्वर थोडा भरल्यासारखा वाटतो. खरी मजा दोन स्वर एकत्र वाजतात तेव्हा होते. अशी विकृती दोन स्वरांची बेरीज आणि वजाबाकीही तयार करते. षड्ज २४० हर्ट्झला आणि पंचम ३६०ला धरा. वजाबाकी १२०, म्हणजे मंद्र षड्ज. बेरीज ६००, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. नीट लागलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच! तानपुरा आणि गायक एवढंच ध्वनिमुद्रण असेल तर व्हॉल्वची चूक रागाच्या सुरातच पडते आणि ऐकणारा म्हणतो, तानपुरा काय सुंदर उमटलाय. तोच व्हॉल्व मोठ्या वाद्यवृंदाच्या सिनेसंगीतावर लावला की चित्र पालटतं. दहा व्हायोलिनं, बासरी, अॅकॉर्डियन, प्रत्येकाच्या बेरजा-वजाबाक्या आडव्या-उभ्या पडतात. ३०० आणि ३३७ हर्ट्झ यांतून ३७ हर्ट्झची एक गुरगुर निघते, जिचा त्या गाण्याशी काही संबंध नसतो. म्हणून तानपुऱ्यावर बफरची परीक्षा घेणारा नेहमी फसतो. परीक्षा भरगच्च गाण्यावर घ्यावी.

आणि तरीही हे सगळं किती प्रमाणात होतं, हा प्रश्न उरतोच. नीट बांधलेल्या कॅथोड फॉलोअरमध्ये शंभर टक्के फीडबॅक (बाहेरचा सिग्नल आतल्यातून वजा होऊन चूक दबणं) असतो, त्यामुळे २ व्होल्टच्या सिग्नलला विकृती ०.१ टक्क्याच्या खालीच राहते. ती कानाला कळणं कठीण. म्हणजे जो बफर उत्तम बांधलेला आहे तो गोडवा देत नाही, आणि जो ठळक गोडवा देतो तो उत्तम बांधलेला नाही. या व्यवहारातली खरी अडचण ही आहे आणि विकणारे ती सांगत नाहीत.

ऑनलाइन मिळणारे ६जे१ व्हॉल्वचे छोटे बोर्ड दुसऱ्या जातीचे. त्यांना बफर म्हटलं जातं, पण त्यावर व्हॉल्यूमची खुंटी असते आणि ते आवाज वाढवतात, म्हणजे तो प्रीअँप झाला. व्हॉल्वला मिळतात जेमतेम पंचवीस-तीस व्होल्ट, त्यात सीडीचे २ व्होल्ट आले की वरची-खालची टोकं दबतात. हा दबलेला आवाज अनेकांना आवडतो, आणि आवडायला हरकत काहीच नाही. फक्त हा मसाला आहे हे जाणून वापरावा आणि खुंटी कमी ठेवावी. या बोर्डांना १२ व्होल्ट एसी लागतो. घरात पडलेला राउटरचा १२ व्होल्ट डीसी अडॅप्टर लावून 'बोर्ड खराब निघाला' म्हणणारे पुष्कळ आहेत. बोर्डावरचं सर्किट एसी दुप्पट करून एचटी, म्हणजे व्हॉल्वच्या प्लेटला लागणारं जास्त व्होल्टेज, तयार करतं, डीसीवर ते होतच नाही. व्हॉल्वच्या बुडाशी जो केशरी किंवा निळा उजेड दिसतो, तो खालच्या एलईडीचा. व्हॉल्वच्या आतल्या तापणाऱ्या तारेचा, म्हणजे हीटरचा, उजेड इतका दिमाखदार नसतो.

खरा बफर बांधायचा तर ईसीसी८२ सगळ्यात सोशिक. एका काचेत दोन ट्रायोड असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे एका व्हॉल्वमध्ये काम भागतं. पिना अशा: १ प्लेट, २ ग्रिड, ३ कॅथोड, दुसऱ्या ट्रायोडच्या ६, ७, ८ त्याच क्रमाने, ४ आणि ५ हीटर. प्लेट थेट एचटीला, सुमारे २०० व्होल्ट. कॅथोडपासून ६८० ओहम, त्याच्या खाली १५ के जमिनीला, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला. १५ केचा रेझिस्टन्स २ वॉटचा घ्यावा, कारण त्यात सुमारे ०.४ वॉट सतत जळतो आणि अर्ध्या वॉटचा काळा पडतो. ग्रिडपासून १ मेगओहम, तो जमिनीला न जोडता ६८० आणि १५ के यांच्या सांध्याला जोडायचा. इथे चुकून जमिनीला जोडला तर व्हॉल्व जवळजवळ बंद पडतो, आवाज फाटका येतो. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरड, २५० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर, कारण ग्रिड ७५ व्होल्टवर बसलेला असतो आणि ते व्होल्टेज प्लेअरमध्ये जाता कामा नये. ग्रिडच्या पिनेलाच चिकटून १ के. हा रेझिस्टन्स बोर्डावर दोन इंच दूर लावला तर त्याचा उपयोग निम्मा. ईसीसी८८ तर त्याच्याशिवाय हमखास ऑसिलेट होतो, आवाज चुरचुरीत होतो आणि कारण सापडत नाही. आउटपुटला २.२ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर, मग १०० ओहम, आणि कंडेन्सरच्या बाहेरच्या टोकापासून जमिनीला ४७० के. १ मायक्रोफॅरडवर भागवू नये. पुढे १० केचा इनपुट आला तर २० हर्ट्झला २ डेसिबल जातील.

व्हॉल्व विकत घेताना काचेच्या वरच्या बाजूचा चंदेरी डाग पाहावा. चंदेरी किंवा काळपट असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, घेऊ नये. भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओचे व्हॉल्व बनवले, जुन्या रेडिओ मेकॅनिकांच्या खणात ते अजून सापडतात. पण डब्यावरचा नंबर वाचल्याशिवाय लावू नयेत. १२एएक्स७ त्याच सॉकेटात बसतो, पण इतक्या करंटसाठी तो नाही. ईसीसी८८ही बसतो, आणि त्याच्या ६.३ व्होल्टच्या हीटरला इथले १२.६ मिळाले की तो लख्ख पेटून संपतो.

रेझिस्टन्स, डायोड, साधे कंडेन्सर नाशिकमध्ये मिळून जातात. नऊ पिनांचा सिरॅमिक सॉकेट आणि ४०० व्होल्टचे चांगले फिल्म कंडेन्सर मिळाले नाहीत तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईचा लॅमिंग्टन रोड (इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार) गाठून त्याच गाडीने संध्याकाळी परतता येतं. ट्रान्सफॉर्मर मात्र इथेच गुंडाळून घ्यावा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीमुळे वाइंडिंगवाल्यांचा इथे तुटवडा नाही. त्यांना सांगायचं: प्रायमरी २३०, एक सेकंडरी १५० व्होल्ट ५० मिलिअँपिअर, दुसरी १५ व्होल्ट अर्धा अँपिअर, मध्ये तांब्याच्या पत्र्याचा शिल्ड, आणि गाभा २५ व्हीएचा. गरज १५ व्हीएची असली तरी मोठा गाभा कमी तापतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र बाहेर कमी सांडतं. तांब्याच्या पत्र्याची दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका, हे बजावून सांगावं, नाहीतर तो शॉर्ट झालेला एक वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर तासाभरात उकळतो. व्हार्निशमध्ये नीट बुडवून वाळवलेला नसेल तर गुणगुणतो.

१५०च्या वाइंडिंगला १एन४००७चे चार डायोड, मग ४७ मायक्रोफॅरड ४०० व्होल्ट, १ के, पुन्हा ४७, पुन्हा १ के, पुन्हा ४७. पहिल्या कंडेन्सरवर १०० हर्ट्झची लहर २ व्होल्टच्या आसपास असते, शेवटच्यावर अडीच मिलिव्होल्ट उरते, आणि व्हॉल्व स्वतः तिला आणखी अठरा पटीने कमी करतो. एवढं पुरे. चोक घालायची गरज नाही. शेवटच्या कंडेन्सरवर २२० के, १ वॉटचा रेझिस्टन्स कायम ठेवावा. बंद केल्यावर तोच साठलेला चार्ज संपवतो, पण २०० व्होल्टवरून १०च्या खाली यायला दीड मिनिट घेतो. तोवर हात घालू नये. मल्टिमीटरवर १०च्या खाली दिसल्याशिवाय नाहीच, आणि चालू डब्यात मोजताना एक हात खिशात. हे २०० व्होल्ट डीसी आहेत, झटका देऊन सोडून देत नाहीत.

हीटरसाठी ७८१२ आणि त्याच्या जमिनीच्या पायात एक १एन४००७ उलटा-सुलटा न चुकता, म्हणजे पट्टा जमिनीकडे. त्याने १२चे १२.६ होतात. मात्र मग ७८१२ची पाठ जमिनीवर राहत नाही, म्हणून हीटसिंकवर बसवताना अभ्रकाची चकती हवी. १५ व्होल्टचं वाइंडिंग कशाला, १२चं का नको, असं वाइंडिंगवाला विचारतो. लाइटचं व्होल्टेज २००वर आलं की १२च्या वाइंडिंगमधून डायोड आणि लहर वजा जाता साडेबाराच्या आसपासच उरतात, ७८१२ला वर दोन व्होल्ट लागतात, तो तग सोडतो आणि हम, म्हणजे स्पीकरमधली गुणगुण, सुरू होतो. रात्री व्होल्टेज चढलं की थांबतो. असा येणारा-जाणारा हम पाहून माणसं व्हॉल्व बदलत बसतात.

पहिल्यांदा लावताना अँप्लिफायर जोडू नये. मिनिटभर थांबून मोजावं: पिन १ आणि ६ वर १९० ते २१०, पिन ३ आणि ८ वर ७५ ते ८५, ६८० ओहमच्या दोन टोकांत साडेतीन व्होल्टच्या आसपास, हीटरवर साडेबारा. कॅथोडवर शून्य असेल तर हीटर पेटलेला नाही किंवा प्लेटचं सोल्डर ड्राय आहे. एक बाजू ८० आणि दुसरी ६० दाखवत असेल तर व्हॉल्वचे दोन अर्धे जुळत नाहीत, वापरता येतो पण चांगला नाही. आउटपुटच्या फोनोवर (वायर खोचायच्या सॉकेटवर) डीसी काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसला तर कंडेन्सर गळतोय. मग अँप्लिफायर जोडून पेन्सिलीच्या रबराने काचेवर हळूच टिचकी. स्पीकरमधून 'टिंग' असा घुमणारा आवाज आला की तो व्हॉल्व मायक्रोफोनिक, स्पीकरजवळ ठेवायला नालायक.

हम सगळ्यांनाच भेटतो. डब्याचा पत्रा थेट अर्थिंगला, सिग्नलची जमीन एकाच बिंदूवर, आणि त्या बिंदूपासून पत्र्याला १० ओहम. जुन्या नाशकात, गावठाणातल्या वाड्यांमध्ये तीन पिनांचा सॉकेट दिसतो पण मागे अर्थिंगची वायरच नसते. तिथे २०० व्होल्टचा धातूचा डबा ठेवणं धोक्याचं, आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं. पावसाळ्यात फोनो प्लग आणि व्हॉल्वच्या पिना काळवंडतात, एक चॅनल बसतो. प्लग बंद करून व्हॉल्व सॉकेटात दोनदा वर-खाली केला की बहुधा परत येतो.

आता तुलना. बफरमधून आवाज ०.८ डेसिबल कमी येतो आणि कान नेहमी मोठ्या आवाजाला 'चांगला' म्हणतो. म्हणून थेट वाटेवर प्रत्येक चॅनलला ४.७ के सिरीजमध्ये घालावा. पुढे ४७ केचा इनपुट असेल तर दोन्ही वाटा बरोबरीला येतात. तपासायला २०० हर्ट्झचा सूर उणे ६ डेसिबलवर कॉम्प्युटरवरच्या ऑडॅसिटीत बनवून सीडी-आरवर उतरवावा आणि मल्टिमीटरच्या एसी पट्टीवर दोन्ही वाटा मोजाव्यात. साधे मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला खोटं बोलतात, २००ला बरं बोलतात. १ व्होल्टला १२ मिलिव्होल्टपर्यंतचा फरक चालेल. मग सहा पायांचा दुतर्फी स्विच, आणि तो घरातल्या दुसऱ्या कोणीतरी आपल्या पाठीमागून बदलायचा. १० पैकी ९ वेळा बरोबर ओळखलं तर फरक खरा, कारण नुसत्या अंदाजाने तेवढं साधण्याची शक्यता सुमारे १ टक्का. सहा-सात वेळा बरोबर आलं तर ते काहीच नव्हे. व्हॉल्वला शंभर तास 'मुरू द्या' असंही सांगतात. व्होल्टेजं मोजून पाहा, काही मिनिटांत स्थिरावतात. मुरतो तो कान.

सुरू करताना बफर आधी, मिनिटभराने अँप्लिफायर. बंद करताना अँप्लिफायर आधी. कॅथोड शून्यावरून ८० व्होल्टवर चढताना आउटपुटचा कंडेन्सर चार्ज होतो आणि त्याचा धक्का वूफरला बसतो. ज्यांना हा क्रम लक्षात राहणार नाही त्यांनी ४५ सेकंदांचा मुका रिले लावावा.

स्विचच्या परीक्षेत फरक ओळखता आला नाही, तर डबा फुकट गेला असं नाही. इनपुटच्या ०.१ मायक्रोफॅरडच्या आधी ५० केचा दुहेरी लॉग पॉट घालावा: वरचं टोक फोनोला, खालचं जमिनीला, मधलं कंडेन्सरला. त्याचा पत्रा डब्याला टेकवून बसवायचा, वायर चार इंचांहून लांब नको. प्लेअरला ५० केचा हलका भार मिळतो, पॉटला लांब वायर ओढावी लागत नाही, आणि पॉवर अँप्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्पीकरपाशी ठेवता येतो.